पलीकडचा बिंदू

नेरूळ गावातली ती खोली बघायला आम्ही गेलो, तेव्हा एजंटनं पप्पांना दहा बाय दहा सांगितलं होतं. घरमालक जिन्यावरून खाली आले, खिशातून स्टीलचा टेप काढला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "भिंतीला टेकव. सैल सोडू नको." मग त्यांनी आमच्यासमोर खोली मोजली. एक बाजू दहा फूट दोन इंच, दुसरी नऊ फूट अकरा. "दहा बाय दहा नाय हाय," ते पप्पांना म्हणाले. "मागनं म्हनू नका, मालकानं फसवलं." पप्पा ओशाळून म्हणाले, चालतंय की, एका इंचानं काय होतंय. त्यावर त्यांनी पप्पांकडे असं पाहिलं, जसं काही पप्पा चपला घालून देवळात शिरले होते.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावात सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. ते आगरी, याच गावचे. मॅट्रिक झाल्यावर जमीन मोजणीच्या खात्यात लागले. आधी साहेबांमागे मोजणीची साखळी ओढली, मग स्वतः मोजणीदार झाले, आणि सगळं आयुष्य त्यात गेलं. नवं शहर वसवायला गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा आसपासची शेतं मोजणाऱ्यांत ते होते. ज्या शेतात त्यांच्या आजीनं भात लावला, ते त्यांनी स्वतः साखळी टाकून मोजून दिलं. याबद्दल ते बोलत नसत. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा आईला सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं.

आम्ही माणदेशातले. पप्पा महापेच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला. पप्पांची नववी झाली, आईची चौथी. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि बीएस्सीला फिजिक्स घेतलं ते मला कळत होतं म्हणून नाही, आवडत होतं म्हणून. वर्गात मला दोनच गोष्टी यायच्या. गप्प बसणं, आणि "समजलं का?" विचारल्यावर "हो सर" म्हणणं. माहीत नाही असं म्हटलं की आपण इथले नाही हे सगळ्यांना कळेल, असं मला वाटायचं. अशा मुलीला ते घरमालक मिळाले, हे मी माझं नशीब समजते.

त्यांच्या विक्षिप्तपणाचं मूळ एका वाक्यात होतं. "इथे आधी काहीच नव्हतं." नव्या शहरातला प्रत्येक माणूस हे वाक्य कधी ना कधी बोलतोच. रिक्षावाला बोलतो, फ्लॅट विकणारा बोलतो, आमचे मामा पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिता पिता तेही बोलले. काका जिन्यात होते. ते दारात येऊन उभे राहिले आणि मामांना शांतपणे विचारलं, "तुम्ही कदी आल्ता बघायला?" मामा म्हणाले, मी कशाला, लोक म्हणतात. मग काकांनी सुरुवात केली. स्टेशन आहे तिथे कोणाचा भात होता, पलीकडे मिठागर कुठून कुठपर्यंत होतं, आता मॉल आहे तिथे भरतीला जिताडा मासा कसा आत यायचा आणि तो धरायला कोण कोण बसायचं. मामांचा चहा निवला तरी जिताडा संपेना. शेवटी मावशींनी वरून हाक मारली, "अवं, त्यांना जाऊ द्या, पाव्हनं हायत, तलाठी नाय."

पत्ता सांगायचा तर ते खरेदीखतात लिहितात तशा चारी बाजू सांगत. कुरिअरवाल्याचा फोन आला की, "पूर्वेस मारुतीचं देऊळ, पश्चिमेस सार्वजनिक गटार, दक्षिनेस..." तेवढ्यात तो म्हणे, "काका, लोकेशन टाका ना." काका म्हणत, "तेच टाकतोय."

घरात तर मावशींना जेरीस आणलं होतं त्यांनी. "साखर संपली म्हटला," मावशी आईला सांगत, "तर इचारतंय, संपली का दिसत नाय? आता मी डब्यात शिरून बघू काय?" पण मावशीही त्यांच्याबरोबर राहून तशाच झाल्या होत्या. मी एकदा विचारलं, काका घरात नाहीत का? तर म्हणाल्या, "वरच्या खोलीत नाय. गच्चीचा मला ठाव नाय."

एकदा त्यांच्या मुलीकडे जासईला लोणच्याची बरणी पोचवायला मी त्यांच्यासोबत गेले. दोन्हीकडे कंटेनरच्या भिंती उभ्या, मधून ट्रेलर चाललेले. काका मधल्याच स्टॉपवर उतरले. मला वाटलं चुकले. ते एका यार्डाच्या कुंपणाकडेनं वाकून चालत गेले, एका जुन्या टायरखालचं गवत पायानं सारलं आणि खुणावून मला बोलावलं. खाली एक घडीव दगड होता, हद्दीचा. काकांनी रुमालानं तो पुसला. "हाय," म्हणाले. एवढंच. मग आम्ही पुढच्या बसनं गेलो. लोणच्याचं तेल माझ्या ओढणीवर सांडलं होतं, पण मला तो दिवस चांगला गेला असं वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

शेवटच्या वर्षाला आमच्या विभागाचं प्रदर्शन होतं. गावातल्या शाळांची मुलं येणार, म्हणून तक्ते मराठीत करायचे होते. मला विषय आला, 'विश्वाला कड आहे का?' मी तक्त्याचे दोन भाग केले. डावीकडे 'आपल्याला दिसणारं विश्व', उजवीकडे 'त्यापलीकडे'. डावीकडे लिहायला पुष्कळ होतं. विश्वाला वय आहे, प्रकाशाला वेग आहे, म्हणून ठरावीक अंतरापलीकडचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत आलेलाच नाही. ती आपल्या नजरेची मर्यादा, तिथे भिंत आहे असं नाही. हे सगळं मी लिहिलं. उजवीकडचे चार चौकोन मात्र रिकामे दिसायला लागले. ते वाईट दिसतात म्हणून मी चारही चौकोनांत सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

हा शब्द मी पप्पांकडून घेतला होता. त्यांच्या गेटवरच्या वहीत पाळी संपताना काय घडलं ते लिहावं लागतं, आणि काही घडलं नसेल तर पप्पा तारखेपुढे 'निरंक' लिहितात. त्यांच्या तोंडी तो शब्द मला फार रुबाबदार वाटायचा.

खोलीत तक्ता मावत नव्हता म्हणून दुपारी गच्चीवर वाळत ठेवला होता. काका पाण्याची टाकी बघायला वर आले. चष्मा लावून त्यांनी सगळा तक्ता वाचला. मग उजव्या बाजूवर बोट ठेवलं.

"मोजलंस?"

"काय, काका?"

"ह्या पलीकडचं. निरंक लिवलंस. मोजलंस काय?"

मी समजावलं की ते दिसतच नाही, कोणालाच दिसत नाही, दुर्बिणीलाही नाही.

"मंग निरंक कसा? निरंक म्हंजे गेलो, बघलं, मोजलं, आनि शून्य निघालं. तू तर गेलीच नाय."

मला थोडा राग आला. शाळेची मुलं बघणार, त्यांना काय कळतंय, असं काहीतरी मी पुटपुटले. काका टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, एक मोजणीदार होता.

तो मोजणीदार खाडीकाठच्या एका गावात जमीन मोजत होता. कागदावर एक रकाना असतो, जमिनीवर काय उभं आहे त्याचा. विहीर, झाड, बांध, घर, जे असेल ते लिहायचं. शेवटचा तुकडा खाडीपलीकडे होता आणि भरती लागली होती. साहेबांची जीप उभी होती, साहेबांना जायची घाई. मोजणीदार अलीकडे उभा राहिला, पलीकडे नुसतं पाणी दिसलं, त्यानं रकान्यात निरंक लिहिलं. पलीकडच्या बांधाआड एका बाईचं खोपटं होतं. माशांचं लहानसं तळं होतं. करंजाचं झाड होतं. पुढे ती बाई मोबदला मागायला कचेरीत आली, तेव्हा तिला कागद दाखवला गेला. तुझ्या जागेवर काहीच नाही, तर तू कुठून आलीस, असं तिला विचारलं गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सालभरात भराव पडला. खोपटं नाय, तलं नाय, झाड नाय." काका टाकीकडे बघत म्हणाले, "कागद खरा झाला."

तो मोजणीदार कोण, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मी चारही चौकोनांवर पांढरा कागद चिकटवला. पण आता तिथे काय लिहायचं? 'माहीत नाही' लिहायला हात धजेना. काकाच म्हणाले, आमच्या खात्यात अशा वेळी 'मोजणी झालेली नाही' असं लिहितात. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, उलट पुढच्या माणसाला कळतं की काम बाकी आहे. मी तसंच लिहिलं. आपलं न कळणं असं ताठ मानेनं लिहिता येतं, हे मला कुठल्याच वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काकांना विश्वाचा नाद लागला. मी कॉलेजातून आले की जिन्यात विचारत, "काय म्हनतात तुमची मानसं?" मी त्यांना सांगितलं की जागा, म्हणजे अवकाश, सपाट आहे की वळलेली, हे शोधायला शास्त्रज्ञ प्रचंड मोठा त्रिकोण घेतात. फार जुन्या प्रकाशात काही ठिपके दिसतात, त्यांची खरी लांबी गणितानं कळते, मग ते आपल्याला किती अंशांत दिसतात ते मोजायचं. त्यावरून कळतं, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी येते की नाही. ती येते, म्हणजे मोजमापाच्या चुकीइतका फरक सोडला तर येते. काका एवढे खूश झाले की त्यांनी मावशींना हाक मारून सांगितलं, "अगो, ही मानसं आपल्याच खात्यातली निघाली!" मावशी म्हणाल्या, "मंग पेन्शन वाढवून मागा त्यांच्याकडं."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आमचं दार वाजवलं. मी दात घासत होते.

"त्रिकोन केवढा?"

मी म्हटलं, दिसणाऱ्या विश्वाएवढा, त्याहून मोठा घेताच येत नाही.

"मंग झालंच की. नेरूलच्या मैदानात त्रिकोन टाक. बरोब्बर एकशेऐंशी येतील. म्हनून काय पृथ्वी सपाट? त्रिकोन बारका हाय, एवढाच त्याचा अर्थ."

मी तोंडात ब्रश धरून तशीच उभी राहिले. हे मी ज्या धड्यात वाचायला हवं होतं, तो धडा मी पाठ केला होता आणि तरी मला हे दिसलं नव्हतं. त्रिकोण सपाट आला म्हणून विश्व अनंत आहे असं नाही, आणि वळण दिसलं नाही म्हणून ते नाही असंही नाही. कदाचित आपल्या नजरेपेक्षा ते इतकं मोठं असेल की आपला सगळ्यात मोठा त्रिकोणसुद्धा त्यात मैदानाएवढाच असेल.

त्याच उन्हाळ्यात एमएस्सीच्या मुलाखतीचं पत्र आलं. दुसऱ्या शहरातली मोठी संस्था होती. पप्पांनी आधीच सांगितलं होतं, मिळालं तर जा, नाही मिळालं तर महापेलाच एका कंपनीत डेटा एंट्रीचं बोलून ठेवलंय. पप्पा वाईट हेतूनं म्हणत नव्हते. त्यांना तेवढंच दिसत होतं. मला ही एकच संधी होती.

मुलाखतीला चार जण समोर बसले होते. त्यात पांढऱ्या केसांच्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, आपल्याला दिसतं त्यापलीकडे विश्वाला कड आहे का? मी इंग्रजीत उत्तर तयार करून नेलं होतं. पण तोंडातून निघालं, "मोजणी झालेली नाही." तेही मराठीत. एकजण हसले. मॅडम म्हणाल्या, मराठीतच सांग, मला येतं. मग मी सांगितलं. आपल्या नजरेची मर्यादा आणि विश्वाची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी कशा, आणि शेवटी तो त्रिकोण, मैदानातला. मॅडम पुढे सरकून बसल्या.

"हे तुला कोणी शिकवलं?"

बाहेर थांबलेल्या मुलांचे आईवडील प्राध्यापक होते, इंजिनिअर होते. आमच्या घरमालकांनी, मी दात घासत असताना, असं सांगणं माझ्या जिवावर आलं.

"पुस्तकात वाचलं, मॅडम."

"कोणत्या?"

"आठवत नाही."

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, चांगली झाली, आणि ते खरंही होतं. पण दोन दिवस मी गच्चीवर गेले नाही. तिसऱ्या दिवशी काकाच टाकी बघून उतरत होते, तेव्हा जिन्यात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडतील, नोंद चुकीची केलीस म्हणतील. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस गो. मोजनीवाला म्हटलं असतंस तर हसले असते तुला." आणि खाली गेले.

ते असे बोलले म्हणूनच मला राहवेना. खोलीतला एक इंच न सोडणारा माणूस माझ्यासाठी चुकीची नोंद खपवून घेत होता, आणि तीही स्वतःलाच पुसून टाकणारी.

मी मॅडमना ईमेल लिहायचं ठरवलं. पप्पा घाबरले. यादी लागायची आहे, म्हणाले, अशा वेळी खोटं बोलले असं कोणी लिहून देतं का? झालं ते झालं, त्यांच्या लक्षातही नसेल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आई चपात्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दोन वर्षं त्या बाईंच्या समोर बसायचंय हिला." पप्पा म्हणाले, "पाठव. पण आधी मला वाचून दाखव."

मी विषयात लिहिलं, 'दुरुस्ती'. मजकूर चार ओळींचा होता. आपण विचारलं होतं, ते मला कोणी शिकवलं. मी पुस्तकात वाचलं असं सांगितलं, ते खरं नाही. ते मला आमच्या घरमालकांनी शिकवलं, ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. मला सांगायला लाज वाटली, त्याबद्दल क्षमा असावी.

आठ दिवस काही आलं नाही. पप्पांनी एकदाही विषय काढला नाही, पण पाळीवरून आले की माझ्या मोबाइलकडे बघायचे. नवव्या दिवशी उत्तर आलं. मराठीच होतं, पण इंग्रजी अक्षरांत. दुरुस्ती मिळाली, मॅडमनी लिहिलं होतं. तुमच्या घरमालकांना माझा एक प्रश्न विचारा. मधे खाडी असली, तर पलीकडचा बिंदू ते कसा घेत?

मी धावत वर गेले. काकांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग केस विंचरले, फुलस्केप कागद काढले आणि खिडकीत बसले. दोन दिवस ते उठलेच नाहीत. "लगनाची पत्रिका लिवतंय जसा," मावशी म्हणाल्या, पण त्यांनी टीव्ही बंद ठेवला होता. त्याच आठवड्यात यादी लागली. माझं नाव होतं, शेवटून तिसरं. पप्पांनी गेटवर पेढे वाटले. काकांना मी पेढा द्यायला गेले, तर त्यांनी तो कागदापासून लांब ठेव म्हणून खुणावलं.

पुढे मी त्या मॅडमच्याच हाताखाली शिकले. पहिले काही महिने मला वर्गात पुष्कळ गोष्टी कळत नव्हत्या, आणि मी ते हात वर करून सांगत होते. आता दुसरं वर्ष संपत आलंय. काकांचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत. फोनवर मानायला गेले की ते हवामान विचारतात.

लिहून झालं त्या दिवशी त्यांनी मला तीन कागद दिले आणि टाइप करून मॅडमना पाठव म्हणाले. एकही शब्द बदलायचा नाही. बोलताना ते गावचं बोलत, पण लिहिताना खात्याचं लिहीत. पहिल्या दोन पानांवर पद्धत होती, आकृत्यांसकट. पाणी ओलांडायची गरज नसते. अलीकडे दोन ठिकाणं निवडायची, मधलं अंतर साखळीनं मोजायचं, दोन्ही ठिकाणांहून पलीकडच्या एकाच खुणेवर नजर लावून कागदावर रेषा मारायच्या. रेषा छेदतील तिथे बिंदू. बांधाआड दिसत नसेल तर होडीनं माणूस पाठवून काठीला निशाण लावायचं. तेही जमत नसेल तर ओहोटीपर्यंत थांबायचं, ओहोटी सहा तासांत येतेच.

तिसऱ्या पानावर त्या गावाचं नाव होतं, जमिनीचा नंबर होता आणि त्या बाईचं पूर्ण नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं: "वरील पद्धत मला त्या वेळी येत होती. आपण विचारलेला पलीकडचा बिंदू मी घेतला नव्हता."

खाली सही होती.